अनुभव धागा: गोव्यात हणजुणच्या (अंजुना) किनाऱ्यावर हिप्पी लोकांचं फुकट गाणं कोणी ऐकलंय का?

लॅम्ब्रेटा

भाचा डिसेंबरात गोव्याला कुठल्याशा म्युझिक फेस्टिवलला चाललाय, तिकिटाचा आकडा ऐकून आमचे बाबा नुसतेच हसले आणि म्हणाले, आम्ही फुकट ऐकलंय रे. ते तेव्हा म्हापशाला नोकरीला होते. १९७५ चा नाताळ. ऑफिसातल्या मित्राला मागे बसवून स्कूटरवरून हणजूणला गेले, म्हापशाहून आठेक किलोमीटर, पण शेवटी रस्ता संपला आणि स्कूटर माडाला टेकवून टॉर्चच्या उजेडात चालत निघाले. गाण्याच्या आधी जनरेटरची घरघर ऐकू आली म्हणे. दोघंही इस्त्रीचा शर्ट, पँट, बूट अशा थाटात, तिथे कोणी लुंगीत, कोणी तेवढ्यातही नाही, त्यामुळे सगळे यांच्याकडेच बघायला लागले! मध्येच डिझेल संपलं, गिटार बंद, दिवे बंद. आपल्याकडे असतं तर आयोजकाला धरून हाणला असता. तिथे आयोजक कोण हेच कोणाला माहीत नव्हतं. लोक रिकामे डबे बडवत बसले अर्धा-पाऊण तास, आणि बाबा म्हणतात तेच सगळ्यात भारी होतं.

तर असं प्रत्यक्ष पाहिलेलं कोणाकडे आहे का? सिनेमातलं नको, स्वतःचं किंवा घरातल्या माणसाचं लिहा.

वेंगुर्लेकर_चाकरमानी

हणजूण नाही पण बोट सांगतो. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटायची, कोकण सेवक नाहीतर कोकण शक्ती, पणजीला दुसऱ्या दिवशी. आम्ही जत्रेला गावी निघालेले, ट्रंका, वळकट्या, डेकवर चादर टाकून जागा धरायची आणि शेजारी ही गोरी मंडळी, त्यांचीही चादरच. तिकीट आमचं तेच त्यांचं. रात्री त्यांनी गिटार काढली तर आमच्या वाडीतल्या बुवांनी टाळ काढले, कोण कोणाला साथ करतंय कळेना. त्यातल्या एका दाढीवाल्याला बोट लागली, बिचारा पांढऱ्याचा हिरवा झाला. आजीने कनवटीची आवळासुपारी काढून त्याच्या तोंडात कोंबली, विचारलं वगैरे काही नाही. पहाटे पडावात उतरताना तो आजीच्या पाया पडला. आजी वर्षभर सगळ्यांना सांगायची, "मेलो आंघोळ करी नाय पण संस्कार होते हां."

बार्देशची

मी हणजूणचीच. माझी आई तिथे चहा विकायची. पार्टी म्हणजे आमच्यासाठी आदल्या दुपारपासूनचं काम, पाणी भरून ठेव, स्टोव्हची पिन शोध, अंडी कांदे आण. संध्याकाळी माडाखाली चटई अंथरायची, रॉकेलचा दिवा ठेवायचा, मागे स्टोव्ह. गावातल्या बायकांच्या अशा चटयाच चटया, लांबून बघितलं तर वाळूत दिव्यांची ओळ. मी आठ-नऊ वर्षांची, माझं काम ग्लास विसळायचे, एकच बादली, पहाटेपर्यंत त्या पाण्याचाच चहा झालेला असायचा (कोणी आजारी पडलेलं आठवत नाही, देवाची कृपा). आईचं इंग्लिश एवढंच, टी, ऑमलेट, नो चेंज. नाचून दमलेले येऊन चटईवरच झोपायचे, आई शिव्या घालत त्यांच्यावर गोणपाट टाकायची. उधारी डब्याच्या झाकणावर कोळशाने, नावं येत नव्हती म्हणून खुणा: एक रेघ आणि केस म्हणजे लांब केसांचा, गोल म्हणजे चष्मेवाली. मार्च-एप्रिलात उकाडा वाढला की सगळे मनालीला, नेपाळला पळायचे, उधारी तशीच. पण ती चष्मेवाली पुढच्या सीझनला आली ना, पहिलं झाकण मागितलं.

गाणं कसं होतं विचाराल तर मला स्टोव्हचा आवाजच जास्त आठवतो.

टेपडेक

एक सुधारणा, आधीच करतो कारण पुढे कोणीतरी ट्रान्स ट्रान्स (मशीनवर बनवलेलं नाचाचं संगीत) लिहिणारच. सत्तरच्या दशकात ते नव्हतंच. गिटार, बासरी, कोंगा (हाताने वाजवायचा उंच ढोल), ढोलकं, जे पाठीवर मावेल ते. नंतर अँप्लिफायर आले. मशीनचं संगीत ऐंशीच्या दशकातलं, ते कॅसेटवर आणि मग डॅट टेपवर (छोटी डिजिटल कॅसेट) वाजायचं, तबकड्या त्या उन्हात वाकड्या व्हायच्या. सॅन फ्रान्सिस्कोहून आलेला गोवा गिल त्या काळचा प्रसिद्ध डीजे, २०२३ मध्ये गेला. त्याच्याही आधीचा एट फिंगर एडी, अमेरिकन, खरंच आठ बोटांचा, जॅझमध्ये बास वाजवायचा. हा लोकांना फुकट खायला घालायचा. बुधवारचा फ्ली मार्केट ७५ च्या सुमाराचा, श्रेय त्यालाच देतात. मूळ कल्पना साधी, पैसे संपलेत तर जीन्स, कॅमेरा, रेडिओ विकून टाका आणि पुढची वाट धरा. युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान करत बसने येणारे लोक ७९ नंतर आटले. इराणात क्रांती, काबूलमध्ये रशियन फौजा, रस्ताच बंद.

कोल्हापुरी_चप्पल

खरं सांगू का, आम्ही गाणं ऐकायला गेलोच नव्हतो. कॉलेजची सहल, मंगेशी, शांतादुर्गा, चर्च असं घरी सांगितलेलं आणि बसमधली पन्नास पोरं एकाच गोष्टीसाठी जागी, "नागडे हिप्पी कुठं दिसत्यात?" आमच्यासारख्या बसच्या बस यायच्या, आज लाज वाटते. आम्ही माडामागं उभं राहून बघतोय आणि एक बाई अंगाला टॉवेल गुंडाळून सरळ आमच्याकडं आली, आता बोंबलतीय म्हणून सगळे मागं सरकलो, तर तिनं पपईची फोड पुढं केली. वीस जणांत एक फोड. खाल्ली. नंतर कोणाला वर बघायची हिंमत झाली न्हाई.

नाव_नको

सगळे गोड गोड लिहिताय म्हणून लिहितो. माझा चुलतभाऊ त्या गर्दीत रोज जायचा, चहा नाही, कोंगा शिकायला. वाजवायचा पण छान. सत्तरीच्या शेवटी शेवटी किनाऱ्यावर ब्राऊन शुगर आली आणि दोन वर्षांत संपला तो, वय तेवीस. गोरे लोक व्हिसा संपला की घरी गेले, काहींना त्यांच्या घरच्यांनी नेलं. काकू शेवटपर्यंत ढोलाचा आवाज आला की खिडकी लावून घ्यायची, मग ती शिगम्याची मिरवणूक का असेना. विहिरीवर उघड्याने आंघोळ करायचे ते वेगळंच, बायकांना पाण्याला जायची चोरी. फुकट होतं हे बरोबर, पण आमच्या घराने बरंच मोजलंय.

बार्देशची

@नाव_नको, खोटं नाही. आमच्या वाड्यावरचेही दोघे गेले. आईने एकदा चटईवरच्या एका पोराला हलवलं तर तो उठलाच नाही, त्यानंतर ती झोपलेल्या प्रत्येकाच्या नाकाशी हात धरून बघायची.

लॅम्ब्रेटा

काल बाबांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. काकूंची खिडकी ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मी विचारलं, तुम्ही चहा घेतलेला का तिथे? तर म्हणाले घेतला की, एका बाईच्या चटईवर, बाजूला एक मुलगी ग्लास धूत होती. तेवढ्यात दिवे गेले, गडबडीत उठलो आणि चार आणे द्यायचे राहिले. आता ती तूच का आणखी कोणी, देव जाणे.

बार्देशची

चार नाही, आठ. मित्र होता ना मागे बसलेला?