धार बारीक झाली तर आधी इंपेलर बघा

चिकोडीकडं कृष्णेत चालणाऱ्या बोटीचं मागं बसवलेलं (आउटबोर्ड) इंजिन तापतंय, ते थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार बारीक झालीय, म्हणून कुणीतरी हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) बदलायला सांगितलंय. एवढी घाई करू नका. पुराच्या गाळानं आधी झिजतो तो पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक. धारेच्या भोकात पातळ तार घालून बघा, कधी नुसती मातीच अडकलेली असते. नाहीतर खालचा गिअरकेस (गिअरचा डबा) उतरवा, पंप तिथंच असतो. इंपेलरची पाती एका बाजूला वाकून कडक झाली असतील तर बदलाच; एखादं पातं तुटलेलं असेल तर तो तुकडा वरच्या पाण्याच्या नळीत शोधल्याशिवाय जोडू नका, नाहीतर इंजिन परत तापणार. इंपेलर ज्यात फिरतो त्या स्टीलच्या वाटीवर नखाला लागणारे ओरखडे असतील तर वाटीही बदला. बसवताना शाफ्ट (पंप फिरवणारा दांडा) वरून बघून घड्याळाच्या दिशेनं फिरवत पंप खाली दाबा. सुकं इंजिन क्षणभरही चालवू नका, नवा इंपेलर जळतो.