शरद जोशी : व्यंगलेखक ते मालिकालेखक

प्रश्न : ‘ये जो है जिंदगी’ ही १९८४ सालची दूरदर्शन मालिका लिहिणारे शरद जोशी (शेतकरी संघटनेचे नव्हेत) मूळचे हिंदी व्यंगलेखक होते. ते मालिकेकडे कसे वळले, हे कोणी सांगेल का?

प्रतिसाद १ : त्यांचा जन्म १९३१ साली उज्जैन येथे झाला. मध्य प्रदेश सरकारची नोकरी सोडून त्यांनी पूर्णवेळ लेखन पत्करले. ‘छोटी सी बात’ या चित्रपटाचे संवाद त्यांचेच असल्यामुळे बोलक्या विनोदावर त्यांचा हात आधीच बसलेला होता.

प्रतिसाद २ : मालिकेची बांधणीही पाहावी. रणजित, रेणू आणि तिचा भाऊ राजा ही माणसे घरातली कायमची. सतीश शाह मात्र दर भागात निराळ्याच माणसाच्या रूपात दारात उभे राहत, त्यामुळे लेखकाला दर आठवड्याला एक नवा नमुना रंगवता येई. माझ्या मते हे सदरलेखकाचेच कसब आहे.

प्रतिसाद ३ : सहमत. ‘नवभारत टाइम्स’मधील त्यांचे ‘प्रतिदिन’ हे सदर वाचकप्रिय होते. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली, पुढच्याच वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या कथांवर बेतलेली ‘लापतागंज’ ही मालिका २००९ साली आली.