गोरज मुहूर्त, नोव्हेंबर, धरणाकाठचं लॉन: फोटोंसाठी उजेडाचं आणि हवामानाचं नियोजन कसं करावं?

नवरीची_ताई

धाकट्या बहिणीचं लग्न नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पवना धरणाच्या काठी एका उघड्या लॉनवर ठरलं आहे. मुहूर्त गोरज, ६ वाजून ४ मिनिटं. मंडप म्हणजे चार खांब आणि वर झेंडूचं विरळ छत. पश्चिमेला डोंगराची रांग आहे. पाहुणे साधारण अडीचशे.

फोटोग्राफर म्हणतात, "५ ते ६ गोल्डन अवर (सूर्यास्ताआधीचा सोनेरी उजेड) मिळेल, मुहूर्त लागला की लगेच जोडप्याचे फोटो घेऊ." अंतरपाट दूर होईपर्यंत दोघांनी एकमेकांना बघायचं नाही, ही दोन्ही घरांची रीत आहे आणि ती आम्हाला पाळायची आहे. मग जोडप्याच्या फोटोंना खरंच उजेड उरेल का? पाऊस आला तर निर्णय कधी घ्यायचा? आणि मंडपवाल्याला नेमकं काय सांगायचं?

तिरपा_उजेड

ताई, मुहूर्त लागल्यावर नैसर्गिक उजेडात जोडप्याचे फोटो होणार नाहीत. हे आत्ताच गृहीत धरा, म्हणजे बाकीचं वेळापत्रक नीट बसेल.

त्या आठवड्यात तुमच्याकडे सूर्यास्त ५:५८ च्या आसपास आहे. आपल्या अक्षांशावर सूर्य बराच सरळ खाली उतरतो. त्यामुळे युरोपातल्या व्हिडिओंमध्ये दिसणारी लांबलचक संध्याकाळ इथे मिळत नाही. सूर्यास्तापासून नागरी संधिप्रकाश (दिव्याशिवाय दिसण्याइतका उजेड) संपेपर्यंत जेमतेम २२-२३ मिनिटं जातात आणि तेवढ्यात उघड्या आकाशाचा उजेड साधारण सात स्टॉपने घटतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). सुरुवातीला हळूहळू, मग भराभर. आकडेच सांगतो: ६:०४ ला लेन्सचं छिद्र एफ २.८ आणि शटर १/२०० सेकंद ठेवून आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता, जितकी जास्त तितका फोटो दाणेदार) १६०० ते २००० मध्ये काम भागेल. ६:१५ ला त्याच सेटिंगवर आयएसओ १२८०० च्याही पुढे जावं लागेल. अक्षता, हार घालणं, आई-वडिलांना नमस्कार, गळाभेटी यात तेवढा वेळ सहज जातो. तोवर अंधार झालेला असतो.

त्यात पश्चिमेचा डोंगर. लॉनवर मंडपाच्या जागी उभं राहून हात पूर्ण लांब करा आणि मूठ आडवी धरा. मुठीची उंची साधारण १० अंश भरते. त्या दिवसांत सूर्य मावळताना तासाला सुमारे १३ अंश खाली येतो. म्हणजे डोंगर एक मूठ उंच असेल तर ऊन सूर्यास्ताच्या पाऊण तास आधीच, ५:१३ च्या सुमारास जाईल. अर्धी मूठ असेल तर ५:३५ पर्यंत टिकेल. मोजताना थेट पश्चिमेला बघू नका. नोव्हेंबरअखेर सूर्य पश्चिमेच्या सुमारे २४ अंश दक्षिणेला डोंगराआड जातो, म्हणून त्या दिशेची डोंगररेघ धरा. फोनमधलं होकायंत्र २४६ अंशांवर आणलं की झालं. मात्र खांबाजवळ किंवा गाडीजवळ उभं राहून मोजू नका, लोखंडामुळे सुई भरकटते.

वेळापत्रक असं लावा. नवरी ४:३० ला पूर्ण तयार हवी, म्हणजे मुंडावळ्या बांधून, दागिने घालून, हातात नारळ. मेकअपला तीन तास लागत असतील तर १:०० ला बसवा, १:३० ला नाही. वरची अर्ध्या तासाची सवलत साडी नेसवण्यातच संपते. ४:३५ ते ५:१० नवरीचे एकटीचे आणि माहेरच्या घरच्यांसोबतचे फोटो घ्या. त्याच वेळी दुसऱ्या टोकाला दुसरा फोटोग्राफर नवरदेवाचे घेईल. दोघं समोरासमोर येत नाहीत, रीत पाळली जाते. घरच्यांच्या गटांची यादी कागदावर लिहून एका मामांच्या किंवा काकूंच्या हातात द्या. प्रत्येक गटाला तीन मिनिटं धरा आणि दहापेक्षा जास्त गट ठेवू नका.

ऊन चेहऱ्यावर घेऊ नका. सूर्य पाठीमागे किंवा तिरपा मागे ठेवायचा, आणि समोरून पांढरा रिफ्लेक्टर (उजेड परतवणारा फलक) कमरेच्या थोडा वर धरायचा. अगदी खालून धरला तर हनुवटीखालून उजेड येतो आणि चेहरा विचित्र दिसतो. सोनेरी रिफ्लेक्टर टाळा. अष्टपुत्री पिवळी असते, तिचाच पिवळेपणा गळ्यावर चढतो. त्यात सोनेरी उजेडाची भर पडली तर त्वचेचा मूळ रंग नंतर परत आणता येत नाही.

आता अंतरपाट. तुमचे गुरुजी कोणाला पूर्वेकडे आणि कोणाला पश्चिमेकडे तोंड करून उभं करतात हे आधी विचारून घ्या. सूर्य मावळल्यावरही पश्चिमेचं आकाश उजळ असतं, त्यामुळे पश्चिमेकडे बघणारा चेहरा छान उजळतो आणि समोरचा एक-दीड स्टॉप मागे राहतो. कॅमेरा दक्षिणेच्या बाजूला ठेवला तर पश्चिमाभिमुख चेहऱ्याचा उजळ गाल कॅमेऱ्याकडे येतो आणि दुसऱ्याच्या कडेला उजेडाची रेघ मिळते. उत्तरेकडून दोन्ही चेहऱ्यांची अंधारी बाजूच दिसेल. तेव्हा मुख्य फोटोग्राफरची जागा दक्षिणेकडची, आणि तिथे व्हिडिओचा ट्रायपॉड, मामा किंवा फुलांचा खांब येणार नाही हे आदल्या दिवशीच ठरवा.

अंतरपाट धरलेला असताना कॅमेरा ऑटो एक्स्पोजरवर (उजेड किती घ्यायचा हे कॅमेरा स्वतः ठरवतो ती सेटिंग) नको. पांढरं कापड चौकटीत मोठं दिसतं, कॅमेरा उजेड कमी करतो, आणि कापड बाजूला झाल्याच्या नेमक्या क्षणी चेहरे काळपट येतात. मॅन्युअल ठेवा, चेहऱ्यावरून मोजा आणि मंगलाष्टकांच्या दर दोन कडव्यांनी पुन्हा मोजा.

मांडव_आणि_माळा

उजेडाचं सामान लावण्याच्या बाजूने लिहितो, कारण या वेळेच्या लग्नात अर्धे फोटो आमच्या दिव्यांवर अवलंबून असतात.

मंडपातले दिवे ५:४० ला, दिवस असतानाच लावायला सांगा. ६:१० ला अचानक लावले तर आधीचे आणि नंतरचे फोटो दोन वेगळ्या लग्नांचे वाटतात. हळूहळू वाढवता येतील असे डिमरवाले दिवे असतील तर फारच चांगलं. चेहऱ्यासाठी उबदार पांढरे, ३२०० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) आसपासचे दिवे घ्या, आणि सगळे एकाच रंगाचे. एक पांढरा, एक पिवळा असं मिसळलं तर कुठलंच व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंग जुळवणी) लागू पडत नाही. मंडपाच्या चारही कोपऱ्यांत आठ-नऊ फुटांवर, ४५ अंशांनी आत वळवलेले चार दिवे पुरतात. त्यांच्यासमोर पातळ पांढरं कापड हवं, पण हॅलोजन असेल तर कापड दिव्यापासून दोन फूट तरी दूर ठेवा, नाहीतर पेट घेतं.

रंगीत पार लाइट (झोतदिवे) झाडांवर आणि पाठीमागच्या भिंतीवर खुशाल लावा, मंडपावर नको. निळा किंवा जांभळा उजेड चेहऱ्यावर पडला की तो फोटो दुरुस्त होत नाही, शेवटी काळा-पांढरा करून द्यावा लागतो. छताला कापड लावणार असाल तर पांढरं किंवा मोतिया. लाल-केशरी कापडातून गाळून येणारा दिवसाचा उजेड सगळ्यांना केशरी करतो. विरळ झेंडूचं छत असेल तर ५ च्या आधी खाली ऊन-सावलीचे ठिपके पडतात, म्हणून पूजाविधी लवकर सुरू होणार असतील तर फुलांच्या वर पातळ पांढरं कापड ताणून घ्या.

एलईडीच्या स्वस्त माळा लुकलुकतात. डोळ्यांना कळत नाही, पण कॅमेऱ्याचं सायलेंट (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक) शटर वापरलं की फोटोत आडवे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून १/५० किंवा १/१०० वर पट्टे सहसा जातात. अक्षता हवेत गोठवायला १/२५० लागतो, तिथे मेकॅनिकल शटर आणि फ्लॅश. फ्लॅशवर केशरी जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावायला सांगा, म्हणजे तो मंडपाच्या दिव्यांशी जुळतो आणि मागचं आकाश गडद निळं येतं. ते निळं आकाश ६:१० ते ६:२० एवढंच असतं. दोघांचा एखादा एकत्र फोटो मुहूर्तानंतर हवाच असेल तर या दहा मिनिटांत, फ्लॅश लावून, मंडपाच्या कडेलाच घ्या. पाण्यापर्यंत चालत जायला वेळ नाही.

होमाच्या वर छत मोकळं ठेवा. धूर कोंडला की फ्लॅशचा उजेड धुरावरच अडतो आणि सगळं पांढुरकं दिसतं.

ढगांकडे_लक्ष

हवामानाचं सांगतो. नोव्हेंबरअखेर मावळात आकाश बहुधा निरभ्र असतं, पण अवकाळी पाऊस येऊ शकतो. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं किंवा उत्तरेतल्या पश्चिमी विक्षोभाला (हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या पावसाळी प्रणालीला) इकडचं बाष्प मिळालं की दोन-तीन दिवस ढगाळ जातात.

पंधरा दिवस आधीचे अंदाज बघून जीव टांगणीला लावू नका. पाच दिवस आधीपासून हवामान खात्याचा जिल्हानिहाय अंदाज बघा. पिवळा इशारा असेल तर ताडपत्री आणि माणसं तयार ठेवायची. नारिंगी असेल तर आच्छादित मंडप. निर्णयाची वेळ आदल्या दिवशी दुपारी १२. त्यानंतर मंडपवाल्याला लोखंडी सांगाडा उभा करायला वेळ मिळत नाही. "पाऊस आला तर किती तासांत छत उभं राहील आणि किती पैसे?" हे करारातच लिहून घ्या. लग्नाच्या दिवशी खात्याचा तीन तासांचा तात्काळ अंदाज आणि मुंबईच्या रडारची चित्रं पुरतात. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी ॲप ठेवा. जवळपास वीज दिसली तर उघड्या लॉनवर, पाण्याकाठी किंवा एकट्या झाडाखाली कोणाला उभं करू नका. ड्रोनही खाली.

छत लागलंच तर पारदर्शक प्लास्टिकपेक्षा पांढरं घ्या. पारदर्शक छतावर धरणाकाठी रात्री दव धरतं आणि ते खाली ठिबकतं. केबल जमिनीवर नको, जोड विटांवर उचलून ठेवा आणि जनरेटरच्या बोर्डाला विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर आहे का ते स्वतः बघा.

ढग म्हणजे नुकसानच असं नाही. वरचे पिंजलेल्या कापसासारखे ढग असतील तर सूर्यास्तानंतर दहा-पंधरा मिनिटं आकाश रंगतं, तुमच्या मुहूर्ताच्या अगदी वेळेवर. खालचे दाट ढग पश्चिमेला साचले तर मात्र उजेड एक-दोन स्टॉप आधीच जातो. तसं दिसलं तर ४ वाजताच सगळ्यांना कळवा आणि घरच्यांचे गट आधी घ्या.

वैशाखातला_मुहूर्त

थोडं विषयांतर. आमच्याकडे मे महिन्यात, पुण्यातच, दुपारी १२:३५ चा मुहूर्त आहे, तोही लॉनवर. वरचं काही लागू होतं का?

तिरपा_उजेड

@वैशाखातला_मुहूर्त, फारसं नाही. मेच्या मध्यावर पुण्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. डोळ्यांच्या खोबणी काळ्या, नाक आणि कपाळ पांढरं. तिथे मंडपावर पूर्ण पांढरं कापड हवंच, आणि पुढच्या दोन-तीन रांगांवरही, म्हणजे मागचे पाहुणे उन्हात जळल्यासारखे दिसणार नाहीत. हिरवळीवर क्रीम रंगाचं जाजम अंथरा, कारण उन्हातली हिरवळ हनुवटीखाली हिरवी झाक देते. जोडप्याचे फोटो सकाळी ६:३० ते ७:३० मध्ये उरकायचे. दुपारनंतर वळवाचा भरवसा नाही, म्हणून संध्याकाळवर काही टाकू नका.

नवरीची_ताई

डोंगर मोजून आले, एका मुठीला थोडा कमी आहे. म्हणजे ५:१५ पर्यंत ऊन धरते. दोघांचे नीट फोटो मग दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावेत का? सगळे तिथेच मुक्कामाला आहेत.

तिरपा_उजेड

हो, सकाळच उत्तम. सूर्योदय ६:४५ च्या पुढे-मागे, पण पूर्वेलाही टेकडी असेल तर तिचीही मूठ मोजा. ६:३० ला दोघं काठावर हवीत. धुकं असेल तर त्यात जवळचे, साधे फोटो घ्या. धुक्यात एक्स्पोजर एक स्टॉप वाढवावं लागतं, नाहीतर सगळं राखाडी येतं. ऊन पाण्यावर आलं की ८:१५ पर्यंत चांगला उजेड आहे. रात्री नवरीला झोपायला उशीर होणार, तेव्हा पूर्ण मेकअप मागू नका. दुसरी हलकी नऊवारी, हिरवा चुडा, मंगळसूत्र, केसांत ताजा गजरा एवढं पुरे. गजरा आदल्या रात्रीच ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवायला सांगा, धरणाकाठी सकाळी सहाला फुलवाला मिळणार नाही. आणि फोटोग्राफरच्या करारात ही सकाळ आत्ताच लिहून घ्या. बरेच जण रात्री जेवणानंतर निघतात.