जोडीदाराचा संशयी कुत्रा: खाऊ कोणी द्यायचा, नवख्याने की मालकाने?

रानवाट

नातं नवं, जोडीदाराच्या घरी कुत्रा जुना, आणि तो आपल्याला दारातच अडवतो. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "खिशात खाऊ ठेव, हाताने भरव, दोन दिवसांत गळ्यात पडेल." मोकळ्या स्वभावाच्या, खादाड कुत्र्याला तो लागू पडतो. पण जो कुत्रा भीतीपोटी संशयी झालाय आणि एकाच माणसाला धरून राहतो, त्याच्या बाबतीत हाच सल्ला चाव्यापर्यंत नेतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

हातातला तुकडा घ्यायला असा कुत्रा कसा येतो ते बघा. मागचे पाय जागेवर खिळलेले, अंग पुढे ताणलेलं, मान लांब. ओठांच्या टोकाने तुकडा ओढतो आणि झटकन मागे होतो. मालक खूश होतो, "बघ, घेतला!" त्या क्षणी कुत्र्याला दोन गोष्टी एकदम हव्या असतात, तुकडा आणि तुमच्यापासून अंतर. तुकडा गिळला की पहिली गरज संपते, दुसरी तशीच उरते, आणि आता तो तुमच्या हातापासून वीतभर अंतरावर उभा असतो. नेमका तेव्हाच माणूस डोक्यावरून हात फिरवायला जातो.

म्हणून पहिले दोन-तीन आठवडे खाऊ मालकानेच द्यावा. पहिली भेट घराबाहेर, मोकळ्यावर. दारात नको, कारण तिथे कुत्र्याला मागे सरकायला जागा नसते. अंतर एवढं ठेवा की कुत्रा नवख्याला बघतोय, पण मालकाने हाक मारली की वळतोय आणि खातोय. कोणाला ४ मीटर पुरतात, कोणाला २० लागतात. खाणं सोडलं, तोंड गच्च मिटलं, श्वास रोखला, डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसली, तर अंतर कमी पडतंय.

क्रम चुकवू नका. आधी नवखा दिसला पाहिजे, मग सेकंदाभराने खाऊ. नवखा नजरेआड, खाऊ बंद. तुकडे वाटाण्याएवढे आणि मऊ, एका बैठकीला २० ते ३०, पाचेक मिनिटांत आटपा. हा वरचा खाऊ दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत बसवा आणि तेवढं जेवण कमी करा.

चाफेकळी

निदान पटलं, उपाय नाही पटला. मालकाच्या हातून खाऊ मिळाल्याने मालक आणखी हवासा होतो, नवखा परका तो परकाच. कुत्र्याला कळायला हवं की चांगली गोष्ट या माणसाकडून येते. फक्त ती हातातून येऊ नये, लांबून यावी.

नवख्याने खुर्चीत आडवं, म्हणजे कुत्र्याकडे खांदा करून बसावं, पाय खुर्चीखाली. तुकडा कुत्र्याच्या *मागे* टाकावा. पुढे टाकला तर तुकड्यासाठी त्याला तुमच्याजवळ यावं लागतं, म्हणजे वर सांगितलेला सापळाच. मागे पडला की तो वळतो, लांब जातो, खातो. अंतरही मिळालं आणि खाऊही. मग परत फिरायचं की नाही हे तो स्वतः ठरवतो. १०-१२ तुकडे झाले की तो दर वेळी कुठपर्यंत परत येतो ते बघा. तीच रेघ राहिली तर राहू द्या, तुकडा पुढे टाकून त्याला ओढून घेऊ नका.

हात खालून, मनगटाने हलवायचा. खांद्यावरून हात फिरवला की बऱ्याच कुत्र्यांना तो दगड मारल्यासारखा वाटतो.

रानवाट

मागे टाकण्याची पद्धत उत्तम आहे, तिच्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो कधी सुरू करायची याचा. अगदी घाबरलेल्या कुत्र्याला नवख्याच्या हाताची हालचालच धमकी वाटते, मग तो मनगटाने हलो की खांद्याने. आणि मालकाने दिला म्हणजे श्रेय मालकाला जातं, हा समज चुकीचा आहे. खाऊ कोणाच्या हातून आला यापेक्षा खाऊच्या आधी काय घडलं, हे कुत्रा जोडतो. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलोव्हच्या प्रयोगातल्या कुत्र्यांची लाळ खाणं तोंडात पडण्याआधीच, नुसत्या इशाऱ्यावर गळायची. इथे इशारा नवख्याचं दिसणं हाच असायला हवा.

म्हणूनच उलटा क्रम फार महाग पडतो. मालकाने आधी पिशवीत हात घातला, खाऊचा वास सुटला आणि मग नवखा आला, असं आठ-दहा वेळा झालं तर कुत्रा शिकतो की "पिशवी उघडली म्हणजे तो येणार". मग आवडता खाऊसुद्धा बघून तो बावरतो. खाऊच नासतो. यावर उपाय असा की पिशवी दिवसभर कमरेला ठेवायची, कोणी येणार नसतानाही.

पिंगळा

तुम्ही दोघांनी सगळा निर्णय कुत्र्यावर सोपवलाय. घरात कोण येईल हे कुत्रा ठरवणार का? जबाबदारी मालकाची आहे. गुरगुरला की पट्ट्याला एक हिसका, ठाम "नाही", आणि विषय संपला. मालकाने कळपाच्या म्होरक्यासारखं वागलं नाही तर कुत्रा ती जागा घेतो, आणि मग जोडीदाराला आयुष्यभर भिंतीला टेकून बसावं लागतं.

सांजवारा

"म्होरक्या" ही कल्पना कुठून आली ते बघू. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिस्त लांडग्यांवरचा अभ्यास छापला. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकातून ती सगळीकडे गेली. त्याच मीच यांनी १९९९ साली लिहिलं की रानातला कळप म्हणजे साधारणपणे आई-बाप आणि त्यांची पिल्लं, तिथे म्होरकेपणासाठी लढाई चालू नसते. अमेरिकेतल्या पशुवर्तन तज्ज्ञांच्या पशुवैद्यकीय संघटनेने २००८ मध्ये या वर्चस्ववादी शिकवणीविरुद्ध जाहीर भूमिका घेतली.

हे बाजूला ठेवलं तरी हिशेब साधा आहे. हिसका बसतो त्या क्षणी कुत्रा नवख्याकडे बघत असतो. तो शिकतो, "हा आला की मान दुखते." वर गुरगुरणं दाबलंत, भीती तशीच राहिली. गुरगुर म्हणजे कुत्र्याने दिलेली शेवटची सभ्य सूचना. ती बंद पाडली की उरतो न सांगता चावणारा कुत्रा. गुरगुरला तर नवख्याने थांबायचं, नजर बाजूला, वजन मागे, आणि सावकाश अंतर वाढवायचं. मग शोधायचं, आपण कुठे घाई केली.

पिंगळा

गुरगुर दाबू नये, हे मान्य. पण दारावर नियम हवा, यावर मी ठाम आहे. बेल वाजली की कुत्रा सुसाट दाराकडे आणि मालक मागून "काही करत नाही तो!" ओरडतोय, याला विश्वास संपादन म्हणत नाहीत.

सांजवारा

यावर पूर्ण सहमत. बेल वाजली की आतल्या खोलीतल्या चटईवर जायचं, हे कोणी येणार नसताना शिकवायचं. मालकाने स्वतः बेल वाजवायची, चटईवर पाच-सहा तुकडे पसरायचे, दिवसातून पाच-सात वेळा. बेलेच्या आवाजाला तो आपणहून चटईकडे वळायला लागला की मगच खरा पाहुणा. तोवर मधे जाळीचं फाटक.

मोरपीस

कुत्र्याच्या डोळ्यांत बघितलं की माया वाढते, असं संशोधन आहे ना? मग नजर का टाळायची?

रानवाट

ते २०१५ चं जपानी संशोधन. एकमेकांकडे बघण्याने ऑक्सिटोसिन, म्हणजे मायेशी जोडलेलं संप्रेरक, वाढतं हे त्यात दिसलं, पण ते कुत्रा आणि त्याचा *स्वतःचा* माणूस यांच्यात. परक्याची रोखलेली नजर कुत्र्याच्या भाषेत आव्हान असते.

ओसरी

खाऊवर एवढी चर्चा, आणि चालण्याबद्दल कोणीच बोलत नाही याचं नवल वाटतं. माझ्या मते पहिल्या महिन्यात खाऊची गरजच नाही. नवख्याने कुत्र्याकडे बघू नये, बोलू नये, हात पुढे करू नये. आणि भरपूर सोबत चालावं. एका दिशेने चालताना कुत्र्याला समोरासमोरचा ताण नसतो, नाकाला काम असतं, आणि वाऱ्याबरोबर नवख्याचा वास फुकट मिळत राहतो.

रचना अशी, की एका बाजूला कुत्रा, मधे मालक, पलीकडे नवखा. सुरुवातीला १०-१५ मीटर अंतर, आणि नवखा किंचित पुढे. मागून चालणारा माणूस कुत्र्याला सतत वळून बघायला लावतो. लीश, म्हणजे कुत्र्याला धरायची दोरी, साधारण २ मीटरची, झोळ पडेल इतकी सैल. ती ताणली की मालकाच्या हातातली धास्ती थेट कुत्र्याच्या अंगात उतरते. लांबणारी-आखडणारी लीश नको, तिच्यात सतत ताण असतो. पट्टा गळ्याऐवजी छातीचा. २०-३० मिनिटं चाला, अंतर कुत्र्याच्या अंगाकडे बघून कमी करा. त्याने जमीन हुंगली, अंग झटकलं, शेपूट पाठीच्या रेषेत सैल आली, म्हणजे मीटरभर जवळ या.

घरी परतताना नवख्याने *आधी* आत जाऊन बसावं, कुत्रा नंतर. आपल्या घरात कोणी शिरतंय हे दृश्य आणि आपण आलो तर कोणी बसलेलं आहे हे दृश्य, यात कुत्र्याच्या लेखी फार फरक असतो.

चाफेकळी

चालण्याचं सोळा आणे पटलं. "खाऊ नकोच" हे नाही पटलं. दुर्लक्ष केल्याने नवखा *त्रासदायक नाही* इतकंच कुत्र्याला कळतं. *हवासा* व्हायला काहीतरी चांगलं घडावं लागतं.

यात एक भर घालते. लोक आत येण्याची तयारी करतात, उठण्याची करत नाहीत. तासभर शांत पडलेला कुत्रा नवखा उठून पाठ फिरवताना पोटरीला झोंबतो. उठायच्या आधी सांगा, मालकाने कुत्र्याच्या पुढ्यात मूठभर तुकडे विखरावेत, मग सावकाश उठा आणि तिरके चाला.

निंबोणी

कुत्रा भीतीने किंवा मालकाला राखायला गुरगुरतो, हे सगळ्यांनी धरलेलं गृहीतकच मला खटकतंय. मालकाच्या मांडीवर बसून जोडीदारावर गुरगुरणारा कुत्रा मालकाला वाचवत नसतो, तो मालकावर हक्क सांगत असतो, हाडावर सांगावा तसा. तिथे खाऊ हा उपायच नाही. गुरगुरला की मालकाने एक शब्द न बोलता उठून जावं. मांडी गेली की हक्क गेला. चार-पाच वेळांत समजतं.

सांजवारा

इथे जपून. कुत्रा खरोखर घाबरलेला असेल तर मालक हा त्याचा एकमेव आसरा असतो. परक्यासमोर तो आसराच उठून गेला तर भीती दुप्पट होईल, आणि पुढच्या वेळी गुरगुर लवकर येईल.

दोन्हींतला फरक ओळखता येतो. कुत्रा जाळीच्या फाटकामागे, नवखा पलीकडे लांब बसलेला, आणि मालक दुसऱ्या खोलीत जातो. मालक गेल्यावर कुत्रा सैलावला, नवख्याकडे कुतूहलाने हुंगायला लागला, तर निंबोणी म्हणतात तो हक्काचा प्रकार असू शकतो. मालक गेल्यावर तो अजून आखडला, कोपऱ्यात गेला किंवा भुंकत राहिला, तर भीती. बहुतेकदा थोडं दोन्ही असतं, म्हणून सोफा आणि पलंग काही आठवडे कुत्र्याला सरसकट बंद ठेवा आणि खाली त्याची गादी द्या. वादाची जागाच राहत नाही.

निंबोणी

ही चाचणी पटली. मग "उठून जा" फक्त पहिल्या प्रकारात. पण मिठीचं काय? दोघं जवळ आले की मधे घुसणारा कुत्रा दोन्ही प्रकारांत असतो, आणि नेमकं याच कारणाने नातं तणावात येतं.

रानवाट

मिठीलाही तोच क्रम. नुसता हातात हात, एक सेकंद, सुटला, कुत्र्याला त्याच्या गादीवर खाऊ. मग खांद्यावर हात, मग एक सेकंदाची मिठी, मग तीन. प्रत्येक पायरी पाच-सहा वेळा, आणि तो गादीवरून न उठता मालकाकडे अपेक्षेने बघायला लागला की पुढची. खाऊ मिठी सुटल्यावर, आधी नाही. मधे घुसला तर रागावू नका, मागच्या पायरीवर या.

नाडीपरीक्षा

या सगळ्याच्या आधी पशुवैद्याकडे तपासणी. कमरेचा सांधा, कान, दात, कमी झालेली नजर, थायरॉइड, यातलं काहीही कुत्र्याला चिडका करतं. स्वभाव *अचानक* बदलला असेल तर दुखणं आहे असंच धरून चाला. रेबीजची लस चालू आहे का, तेही तेव्हाच बघा.

आधी चावलेला असेल तर मुसकं वापरा, त्यात लाज कसली? पिंजऱ्यासारखं हवं, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं आणि फटीतून खाऊ घेता येतो. तोंड आवळणारं कापडी मुसकं काही मिनिटांच्या तपासणीपुरतंच, कारण धापा टाकता आल्या नाहीत तर कुत्र्याचं अंग तापतं. सवय एक-दोन आठवड्यांत लावा. आत खाऊ लावायचा, तोंड त्याने आपणहून घालायचं, बक्कल नंतर. आणि ते नवखा येण्याच्या दहा मिनिटं आधी चढवू नका, नाहीतर पिशवीचं झालं तेच मुसक्याचं होईल.

चावा बसलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा, कुत्रा घरचा असला तरी.

चाफेकळी

रानवाट, मूळ प्रश्नाकडे येते. तुमचे दोन-तीन आठवडे झाले, कुत्रा तुमच्या पद्धतीने सैलावला. मग हातातून कधी?

रानवाट

तेव्हा तुमची पद्धत सुरू करायची, तुकडा त्याच्या मागे. त्यात तो स्वतःहून नवख्याच्या पायापर्यंत यायला लागला, चारही पाय अंगाखाली, मान सैल, तर उघड्या तळहातावर, गुडघ्याच्या उंचीवर एक तुकडा. मागचे पाय खिळले आणि मान लांबली, तर हात मागे घेऊन तुकडा पुन्हा मागे टाका.

स्पर्श त्याच्याही नंतर. छातीवर किंवा खांद्याच्या बाजूला, ३ सेकंद, आणि हात काढून घ्या. तो हाताखाली परत सरकला तर अजून ३ सेकंद. तोंड वळवलं, ओठ चाटले, जांभई दिली, तर त्या दिवशी तेवढंच.

ओसरी

आणि दुसऱ्या दिवशी आधी चालायला जा, मग खुर्ची.