मदत हवी आहे: सिटी बसच्या तुटीचा हिशेब कुठे बघायचा? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

आमच्या नाशिकरोडच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांनी आयुक्तांना द्यायचं निवेदन लिहायचं काम माझ्या गळ्यात मारलंय. विषय सिटी बसचं भाडं.

सुरुवात मावशीपासून झाली. सिन्नरला जायचं असलं की समोर उभी असलेली सिटीलिंक (आमची सिटी बस) सोडून ती लालपरीची वाट बघत बसते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे ना! पाऊण तास थांबून वाचवलेले पैसे उतरल्यावर रसवंतीत घालवते, तो भाग वेगळा. पंचाहत्तरीच्या वरच्यांना तर एसटी फुकटच. त्यामुळे सगळ्यांचं म्हणणं एकच, "हेच सिटी बसला पण मागा."

मी जरा खोलात शिरले आणि अडकले. एसटीच्या सवलतीची भरपाई राज्य सरकार करतं. सिटी बस आहे महापालिकेच्या परिवहन महामंडळाची. इथे सवलत दिली तर तो भार शेवटी आपल्याच घरपट्टीवर येणार ना? त्यात बस ठेकेदाराच्या, बिल किलोमीटरप्रमाणे. सकाळी निमाणीला खचाखच भरून गेली काय किंवा दुपारी चार टाळकी घेऊन गेली काय, किलोमीटर तेवढेच. गल्ला महामंडळाचा, तूटही त्यांचीच. मग भाडं वाढवून ती भरते, की माणसं "शालिमार, सीबीएस" ओरडणाऱ्या रिक्षात जाऊन बसतात? २०२५ मध्ये बेस्ट आणि पीएमपीचं किमान भाडं ५ वरून थेट १० झालं. मुंबई-पुणेकरांनो, तुमच्या रूटवर गर्दी कमी झाली का?

माझं मत विचाराल तर सरसकट सवलत मागण्याआधी मार्गवार उत्पन्न आणि खर्च मागावा. त्यासाठी माहिती अधिकारात अर्ज महामंडळाकडे करायचा, की महापालिकेच्या लेखा विभागाकडे? १० रुपयांचा स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत वगैरे माहीत आहे. अडचण शब्दांची आहे. मागे एका कार्यालयाकडून (कुठलं ते सोडा) "माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही" असं उत्तर आलं होतं. तसं म्हणायला वावच राहणार नाही असा प्रश्न कसा लिहायचा?

कोणाकडे जुना मसुदा असेल तर टाका. निवेदन सोमवारी द्यायचंय. आणि कृपया कुठल्या पक्षाने काय केलं ते इथे नको, त्यासाठी दुसरा धागा जोरात चालू आहे.