अप्रेजलमध्ये आकडे किती आणि माणूस किती?

उद्यमनगरचा_पोरगा:
शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवायच्या कारखान्यात, क्वालिटी बघतोय, ९ वर्षं झाली. मालकांच्या मुलानं परवा बोलावून सांगितलं, दिवाळीच्या आत सगळ्यांच्या मूल्यमापनाची आणि बढतीची नीट पद्धत बसव. आजवर पगारवाढ म्हणजे मार्चअखेरीला केबिनमध्ये पाच मिनिटं, कुणाला सातशे, कुणाला दोन हजार, का ते कुणालाच ठाऊक नाही. माझा विचार असा की हेल्पर, ऑपरेटर, सेटर, लाइन इनचार्ज अशा पायऱ्या करायच्या, कुठल्या पायरीला काय काय यायला पाहिजे ते बोर्डावर लावायचं, आणि दर महिन्याला रिजेक्शन, हजेरी, प्रॉडक्शनचे मार्क द्यायचे. वरच्या १० टक्क्यांना डबल वाढ, खालच्या १० टक्क्यांना वॉर्निंग. बोला.

मोल्डिंगवाले_काका:
पायऱ्या कर, पण मार्क देऊ नकोस बाळा. जुलैत आपल्याकडं पाऊस लागला की कोअर, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे, ओल धरतात, कास्टिंगला ब्लो होल, म्हणजे वायूची भोकं, येतात आणि रिजेक्शन पडतं मोल्डिंगवाल्याच्या नावावर. त्याचा काय दोष? माझ्या लाइनला एक पोरगा होता, वाळू मुठीत दाबून मोडून बघायचा आणि ओली वाटली की लाइन थांबवायचा. तुझ्या तक्त्यात तो प्रॉडक्शनला तळाला गेला असता. जपानी कंपन्या ज्यांच्याकडून क्वालिटी शिकल्या ते डेमिंग असल्या वार्षिक गुणांकनाला जीवघेणा रोग म्हणायचे, चुका बहुतेक पद्धतीत असतात, माणसात नाही.

गेज_आणि_मी:
काका, मोठ्या मानानं घ्या पण मला हे पटत नाही. मी ७ वर्षं इन्स्पेक्शनला आहे. नवीन पोरांना हाइट गेज मीच शिकवते, सरफेस प्लेट पुसून घ्यायची, झिरो सेट करायचा इथपासनं. त्यातले दोघं आज माझे इनचार्ज आहेत. साहेबांना विचारलं तर म्हणाले, तुम्हाला नाइट शिफ्ट जमणार नाही. मला कुणी विचारलंच नव्हतं! आकडे नसले की साहेबांच्या ओळखीचा वर जातो आणि आमच्यासारख्या तिथंच राहतात. कागदावर असतं तर मी तो कागद घेऊन केबिनमध्ये गेले असते.

गोकुळ_शिरगाव_एचआर:
ताईंशी सहमत, पण ते १० टक्के काढून टाका राव. मायक्रोसॉफ्टनं असली सक्तीची क्रमवारी २०१३ साली बंद केली. शेजारचा घसरला तर माझा नंबर वर लागणार असेल तर मी त्याला सेटिंग कशाला शिकवू?

उद्यमनगरचा_पोरगा:
१० टक्के काढले. रिजेक्शन माणसाच्या नावावर न टाकता लाइनवर टाकतो, कारणासकट, म्हणजे वाळू, कोअर, मेटल वेगवेगळं दिसेल. आणि ताई, दुसऱ्याला शिकवून तयार केलं तर त्याचे मार्क धरणार, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

मोल्डिंगवाले_काका:
लाइन थांबवणाऱ्याचे पण धर, मग बघू. मार्क नकोतच हे माझं अजून तसंच आहे. दर तीन महिन्यांनी माणसाला शेजारी बसवून विचार, काय अडतंय, पुढं काय शिकायचंय.

गेज_आणि_मी:
विचारा की, पण विचारलेलं लिहून दोघांच्या सह्या घ्या. नुसतं बोलणं मी ७ वर्षं ऐकलंय.