आठ महिन्यांची कंबरदुखी : एमआरआयमध्ये गादी फुगलेली आहे, आराम करावा की हालचाल?

प्रश्न (मानेवाडा, नागपूर)
नमस्कार. माझे वय ४३ असून मी हिंगण्याच्या एका कारखान्यात हिशेबाचे काम करते. उन्हाळ्यात कूलरमध्ये बादलीने पाणी ओतताना कमरेत चमक भरली, आणि तेव्हापासून दुखणे कमी-जास्त होत राहिले तरी थांबलेले नाही. एमआरआयच्या अहवालात मणक्यांमधील गादी (डिस्क) फुगल्याचे व झीज झाल्याचे लिहिले आहे. ‘वाकू नका’ एवढेच मला सांगण्यात आले, म्हणून मी पट्टा बांधून शक्य तेवढी पडून असते. परंतु सकाळी पलंगाची कड धरून कुशीवर वळल्याशिवाय उठताच येत नाही. झीज वाढत जाईल का, या काळजीने झोपही लागत नाही.

उत्तर १ (फिजिओथेरपिस्ट, धरमपेठ)
ताई, आधी एवढे पडताळून पाहा. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, चालताना चप्पल निसटण्याइतकी पावलातली ताकद जाणे, यांपैकी काहीही असल्यास त्याच दिवशी मेडिकल किंवा मेयो हे सरकारी रुग्णालय गाठावे. ताप राहत असेल वा वजन घटत असेल, तर मणक्याच्या क्षयरोगाचीही तपासणी करून घ्यावी. आपल्याकडे तो आजही आढळतो.

तसे काही नसेल, तर अहवालातील शब्दांना इतके घाबरू नका. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात कंबर मुळीच न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या गेल्या, तेव्हा चाळिशीतील सुमारे ५० टक्के लोकांची गादी फुगलेली आढळली. दुखणे तीन महिन्यांपलीकडे टिकले की अनेकदा मज्जासंस्थाच हळवी झालेली असते, त्यामुळे मूळ इजा भरून आल्यावरही साध्या वाकण्याने कळ येते, आणि अपुरी झोप व काळजी तिला आणखी वाढवतात. पडून राहिल्याने स्नायूंची ताकद जाते आणि वाकण्याची भीती तेवढी पक्की होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत व्यायामाची शिफारस असून पट्टा व ट्रॅक्शन (कंबर ताणून धरणे) नेहमीचा उपचार म्हणून वापरू नयेत, असे म्हटले आहे.

उत्तर २ (निवृत्त एसटी चालक, इतवारी)
ताई, मी हे दुखणे सहा वर्षे काढले. बरे वाटेल त्या दिवशी मी साचलेली सगळी कामे उरकायचो आणि पुढचे चार दिवस अंथरूण धरायचो, हीच माझी मोठी चूक होती. पुढे अंबाझरीच्या बागेत घड्याळ पाहून रोज दहाच मिनिटे चालू लागलो. दुखत असले तरी तेवढेच, दुखत नसले तरी तेवढेच. दर आठवड्याला दोन मिनिटे वाढवत अर्ध्या तासावर आलो. उन्हाळ्यात सकाळी सहाच्या आत घरी परतावे, आणि कूलरला नळी लावावी.

प्रश्नकर्ती
आपण सांगितलेले एकही धोक्याचे लक्षण मला नाही, हे वाचून फार धीर आला. पट्टा आजच सोडू का?

उत्तर १
आठ महिन्यांची सवय आहे, तेव्हा दिवसातून एक तास पट्टा काढून ठेवून सुरुवात करा आणि दर तीन-चार दिवसांनी तास वाढवा. त्या तासात पाठीवर झोपून गुडघे दुमडा, श्वास न रोखता कंबर सावकाश उचला आणि खाली ठेवा. पहिल्या आठवड्यात पाच वेळा पुरे. थोडे दुखून रात्रीपर्यंत शमले तर चालेल, दुसऱ्या दिवशीही वाढलेलेच राहिले तर तीन वेळांवर या.